खिडकीतला सम्राट

डावा तळहात माइकवर दाबायचा, खिडकीतून अर्धे बाहेर यायचे आणि समोरच्या प्रवाशाला खासगी आवाजात विचारायचे, "गाडीचं मंग सांगतो. आधी अभिप्राय सांगा."

ही समुद्रपूरच्या बसस्थानकावरच्या कंट्रोलर साहेबांची रीत. तळहात दाबला की माइक बंद होतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. माइक बंद होत नसे. आवाज फक्त थोडा घोगरा होई, पांघरुणातून आल्यासारखा, आणि तसाच भोंग्यातून बाहेर पडून बाजार ओळीतल्या शेवटच्या किराणा दुकानापर्यंत जाई. त्यांना हे कोणी सांगितले नाही. तुम्ही त्या गावात असता तर तुम्हीही सांगितले नसते. करमणुकीची दुसरी सोय गावात नव्हती.

अभिप्राय कशावर, हे सांगायचे तर आधी माझी फजिती सांगावी लागेल.

मी तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. राहायला वर्ध्याला, बोरगाव मेघेत. रोजचे जाणे-येणे लाल गाडीने. ही ऐंशी सालाच्या आगेमागची गोष्ट. पोरांना फुलदाणी आणि तिच्याशेजारी लिंबू काढायला शिकवून शिकवून मला असे वाटू लागले होते की आपल्या आत एक मोठा कलावंत अडकून पडला आहे. असे वाटणाऱ्या माणसाला घरच्यांनी वेळीच आवरावे. माझी बायको म्हणाली, "घरातच बसून काढता ना? मग काढा." तिला पत्त्यांचा नाद परवडला नसता, म्हणून तिने कलेला परवानगी दिली.

मग मी एक विज्ञान-चित्रकथा लिहिली, काढली आणि वर्ध्याच्या एका छापखान्यातून छापून घेतली. नाव 'सम्राट झरकोन'. हा झरकोन म्हणजे दूरच्या ग्रहावरचा महादुष्ट. त्याच्याजवळ एक कळ असते. ती दाबली की पृथ्वीवरचा काळ थांबतो आणि माणसे आहेत तिथे ताटकळत उभी राहतात. शेवटच्या पानावर तो यानात बसून निसटतो, आणि खाली मी ठसठशीत छापले होते की पुढच्या भागात झरकोनचा अंत. पुढच्या भागाची एक रेघही मी ओढली नव्हती. पण वाचकाला टांगून ठेवले की लेखक मोठा होतो, असे माझ्या डोक्यात कुठून तरी बसले होते.

पुण्या-मुंबईहून पत्रे येतील म्हणून पोस्टमनला मी आधीच सांगून ठेवले. काही दिवस तो बिचारा चोरट्या नजरेने माझ्याकडे पाहत पुढे जाई. मग त्याने आमची गल्ली टाळायला सुरुवात केली.

स्थानकावरच्या पुस्तकवाल्याने गठ्ठा ठेवून घेतला, पण पंचांगांच्या मागे. तिथून तो उचलला कंट्रोलर साहेबांनी. त्यांनी एक प्रत सुतळीने खिडकीच्या गजाला बांधून टाकली, पाणपोईचा पेला बांधतात तशी. ज्याला गाडीची वेळ विचारायची असेल त्याने आधी झरकोन वाचायचा, काय वाटले ते सांगायचे, आणि मगच हिंगणघाटची गाडी कुठवर आली ते विचारायचे.

"मास्तर," ते मला म्हणाले, "पुस्तक लिहिलं म्हंजे अर्धंच काम झालं. लोक काय म्हनून राह्यले, ते कोनी तरी आयकाले पाहिजे ना?"

मला वाटले, देवमाणूस भेटला. मला तेव्हा अभिप्राय या शब्दाचा अर्थ स्तुती असाच माहीत होता.

दुसऱ्याच दिवशी मी वर्गात असताना भोंगा वाजला. "हिंगणघाट जानारी गाडी फलाटावर लागून राह्यली हाय. अन् ड्रॉइंग मास्तर, तुमचा अभिप्राय आला हाय. जिथं असान तिथून येऊन जा." वर्ग उठून उभा राहिला. हेडमास्तर व्हरांड्यात आले. त्यांना वाटले असावे, मास्तरची बदली झाली. मधल्या सुट्टीत मी इस्त्रीच्या शर्टात, केस सारखे करत स्थानकावर गेलो.

"एक कास्तकार होता," साहेब म्हणाले. "तो म्हने, हे यान नाई, हा फवारनीचा पंप हाय. मास्तरनं पाठीवरचे पट्टे तेवढे काढून टाकले."

आता यात खोटे काही नव्हते. यान काढताना समोर काही तरी असावे म्हणून मी शेजाऱ्याच्या पडवीतला पंपच समोर ठेवला होता. पण कलेत असे कोणी बोलून दाखवते का?

मग रोज अभिप्राय येऊ लागले. लेकीकडे निघालेली एक बुढी होती. तिला अक्षर येत नव्हते, तिने चित्रेच पाहिली. म्हणाली, "लय वाळला बाप्पा हा. याले घरी कोनी जेव म्हनत नाई वाटते. मंग मानूस असाच होते." कापडाच्या एका दुकानदाराला झरकोनचा धंदा पटला नाही. "पुरी पृथ्वी घेऊन करन काय? सांभाळन कोन? इथं दुकानात एक नौकर टिकत नाई." आणि हिंगणघाटच्या कॉलेजात जाणारा एक तरुण वाचता वाचता इतका रंगला की त्याची गाडी निघून गेली. त्याचा अभिप्राय तर साहेबांनी मला दोनदा ऐकवला. "पुढच्या भागात याले हालहाल करून मारा."

साहेब अभिप्रायात आपल्या पदरचे मीठ टाकत नसत आणि साखरही टाकत नसत. एकदा मी न राहवून विचारले, "चित्रं कशी वाटली, ते कोनी म्हनलं का?"

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "चित्राचं कोनी काई बोललं नाई. म्हंजे चांगलीच असतीन. वाईट असती तं लोक सोडते का?"

त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला.

साहेबांचे घर स्थानकाच्या मागेच होते, खिडकीला पाठ लावून असलेल्या दोन खोल्या. घरात ते आणि वहिनी, तिसरे कोणी नाही. वहिनींना दमा होता. कापसाचा हंगाम सुरू झाला, जिनिंग कारखान्याचे इंजिन धडधडू लागले आणि हवेत कापसाचे तंतू तरंगू लागले की त्यांचा श्वास अडे. साहेब खिडकीत बसून गाड्यांची नावे सांगत, पण एक कान मागे असे. आतून खोकल्याची उबळ आली की बोलता बोलता थांबत. उबळ लांबली तर माइक तसाच सोडून उठून जात. फलाटावर गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि कंट्रोलर जागेवर नाही. "कुठं मेला हा?" लोक म्हणत. ते गरम पाणी देऊन, पाठ चोळून परत येत आणि मुकाट्याने शिव्या खात. कारण कोणाला सांगत नसत. मला एकदा एवढेच म्हणाले, "शिव्या खायासाठीच तं ही खिडकी केली हाय, मास्तर. नाई तं लोकायनं काय गाडीले शिव्या द्याच्या?"

झरकोनचे खरे रूप उघडकीला आले ते एका कंडक्टरमुळे. तो नोंद करायला खिडकीशी आला, सुतळीला लटकलेले पुस्तक त्याने चाळले, मग वर पाहिले, परत पुस्तकात पाहिले, आणि म्हणाला, "साहेब, फोटो झकास निंगाला तुमचा."

मी बाकावरच होतो. आधी मला राग आला, कारण झरकोन ही माझ्या कल्पनाशक्तीची भरारी होती. मग मी वर पाहिले. त्याच जाड, मधोमध जुळलेल्या भुवया. तोच बाहेर वळलेला डावा कान. लांब मान काढून यानाच्या खिडकीतून अर्धा बाहेर आलेला तोच माणूस, एका हाताने कळ दाबणारा. मी वर्षानुवर्षे त्या बाकावर बसून वर्ध्याच्या गाडीची वाट पाहिली होती आणि समोर सारखे तेच चित्र होते. हाताने ते परस्पर उचलले, डोक्याला पत्ता नाही. भरारी म्हणता म्हणता माझी कल्पनाशक्ती समुद्रपूरच्या फलाटावरून हललीच नव्हती. त्यातून माणसांना ताटकळत ठेवणारा दुष्ट! आता कोणत्या तोंडाने म्हणू की योगायोग आहे?

साहेबांनी पुस्तक हातात घेतले, सगळी पाने पाहिली, माइकवर तळहात दाबला आणि मला हळूच विचारले, "मास्तर, माहे कान एवढे मोठे हायेत का?"

 बाजार ओळीत दुकानादुकानांतून हसू फुटले.

त्यानंतर काही दिवस मी तोंड लपवून दुसऱ्या रस्त्याने जामच्या फाट्यावर जाऊन तिथून गाडी पकडत होतो. शेवटी भोंग्यानेच मला गाठले. "मास्तर, रस्ता बदलू नोका. घरी चहाले बलावलं हाय." सगळ्या गावासमोर बोलावणे आल्यावर जाणे भागच होते.

वहिनी बाजेवर उशांना टेकून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, चेहऱ्यावर दम्याचा थकवा, पण डोळे मिश्कील. झरकोन त्यांनी वाचला होता. "सारं बराबर उतरलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "भुवया बराबर, कान बराबर. हसू तेवढं नाई काढलं तुमी. हे घरी हसते."

साहेब लगबगीने बशी पुसू लागले. त्या घरी हसणाऱ्या माणसाला मी कधी पाहिले नव्हते. वहिनींना हसता हसता उबळ आली, त्यांनी पदर तोंडाशी धरला, आणि साहेबांच्या हातातली बशी तशीच राहिली. मला त्या वेळी माझ्या पुस्तकाची फार लाज वाटली.

त्या वर्षी पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत काढतात. चिंध्या-कागदांची मारबत, आणि तिच्यासोबत पुरुषाच्या रूपातला बडग्या. गावभर ओरडत फिरवायचे, "ईडा-पीडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत!" आणि शिवेवर नेऊन जाळायचे. गावात ज्याचा जाच असेल त्याच्या रूपाचा बडग्या करतात. ढेकूण-मच्छर असो की महागाई. त्या वर्षी बाजारातल्या तरुणांनी एकमताने ठरवले, बडग्या झरकोनचा. आणि तोंड रंगवायला ते माझ्याकडे आले, कारण झरकोनचा बाप मीच.

खरे सांगतो, माझी छाती आधी फुगली. माझ्या पात्राला गावाने जाळण्याइतके मनावर घेतले होते. कोणत्या लेखकाच्या नशिबी हे येते? मग ते तोंड कोणाचे आहे हे आठवले आणि छाती जागेवर आली. दुष्टाला शोभेल अशी झुपकेदार मिशी काढायची, कान बारीक करायचे आणि ओळख बुजवून टाकायची, असे मी ठरवले.

संध्याकाळी स्थानकावर गेलो तर साहेबांनी खिडकीतून खूण केली. तळहात माइकवर दाबला.

"मास्तर, तुमी तोंड बदलून राह्यले म्हनते. नोका बदलू. माहंच काढा."

मी माइककडे बोट दाखवले. त्यांना वाटले, मी नाही म्हणतोय. त्यांनी तळहात आणखी घट्ट दाबला.

"आयका माहं. मांगच्या हंगामात तुमची वहिनी बसूनच झोपली. आडवं होता येत नवतं. वर्ध्याचे डाक्टर झाले, नागपूरचे झाले. बदली मागतली, ती अजून आली नाई. आता कापूस फुटन, जिन सुरू होईन. मले भेव लागून राह्यलं, मास्तर. या हंगामात ती नाई राह्यली तं मी काय करू?"

बाजारात तराजू थांबले होते. सायकलीवरून चाललेला एक माणूस पाय टेकून उभा राहिला. मला ते सगळे दिसत होते. साहेबांची नजर माइकवरच्या तळहातावर होती, त्यांना काहीच दिसत नव्हते.

"लोक बडग्याले म्हनते, खोकला घेऊन जाय. पन दुसऱ्याच्या तोंडाचा बडग्या माह्या घरचा खोकला काऊन नेईन? माह्या तोंडाचा असन तं घर वळखन ना."

मी विज्ञानकथेचा लेखक. पृथ्वीवरचा काळ थांबवणारा.  तरी मी मान हलवली आणि रंग आणायला गेलो.

आयुष्यात मी चांगले असे एकच चित्र काढले, ते त्या बडग्याचे तोंड. भुवया काढल्या, कान काढला. आणि वहिनींनी सांगितले होते म्हणून हसू काढले. ते मी पाहिले नव्हते. साहेब घरी कसे हसत असतील, याचा अंदाज करत बसलो आणि जमले. वहिनींनी साहेबांचा जुना खाकी शर्ट पाठवला, तो बडग्याच्या अंगात घातला.

मिरवणूक निघाली तेव्हा साहेब धुतलेला सदरा घालून बडग्याच्या बरोबरीने चालत होते. एरवी या दिवशी लोक वाटेल ते ओरडतात. कोणी सासूचे नाव घेतो, कोणी सोसायटीचे. मिरवणूक स्थानकाच्या मागे, त्या दोन खोल्यांपाशी आली आणि आपोआप थांबली. तिथे गावाने दुसरे काही म्हटले नाही. "खोकला घेऊन जाय रे, बडग्या! दमा घेऊन जाय!" कापडवाला ओरडत होता. फवारणीचा पंप ओळखणारा तो कास्तकार ओरडत होता. झरकोनला हालहाल करून मारा म्हणणाऱ्या तरुणाच्या तर मानेच्या शिरा ताठल्या होत्या. मीही ओरडलो. माझा आवाज फाटका आहे, पण त्या दिवशी कोणी त्यावर अभिप्राय दिला नाही.

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "यंदा गावालेच खोकल्याचा लय तरास दिसते, मास्तर."

मी हो म्हटले.

शिवेवर बडग्या पेटला. आपलेच तोंड जळताना साहेब हात जोडून समोर उभे होते. डोळ्यांतून पाणी येत होते, धूर होताच. परत येताना त्यांनी नाल्यावर पाय धुतले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बडग्या जळून वाकताना बी माह्यासारखाच वाकला हो!"

मग हंगाम आला. जिनिंग सुरू झाले, कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली, बाभळींच्या काट्यांना पांढरे तंतू अडकले. आणि खिडकीच्या मागून खोकला ऐकू येईना. साहेब कान देत, आम्ही सगळेच कान देत होतो. काही नाही. साहेब इतके हलके झाले की गाड्यांची नावे गाण्यासारखी घेऊ लागले. उठून आत जायचे काम पडेना. एका संध्याकाळी त्यांनी मला खिडकीशी बोलावले. "गेला, मास्तर. खरंच गेला. तुमच्या हाताले गुन हाय."

माझ्या चित्रकलेची एवढी स्तुती पुन्हा कोणी केली नाही. तीही जळून गेलेल्या चित्राची.

झरकोनचा पुढचा भाग मी काढला नाही. लोक काही दिवस विचारत होते, मग विसरले. त्यांना विसरायला फार वेळ लागला नाही, याचे मला अजूनही थोडे वाईट वाटते. पुढे साहेब निवृत्त होऊन आपल्या गावी, आंजीला गेले. खिडकीत दुसरे कंट्रोलर आले. ते वेळ विचारली की वेळ सांगत.

साहेब गेल्याची बातमी मला उशिरा कळली. जेवून उठले, हात धुतले आणि तिथेच बसले, असे सांगणारा म्हणाला. मी आंजीला गेलो. वहिनी अंगणात भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांच्या गळ्याखालची खोल खाच श्वासागणिक आत ओढली जात होती. मी पाहतच राहिलो.

"वहिनी, हा परत कधी सुरू झाला?"

"दमा का? तो गेला कुठं होता, भाऊजी?"

"पन साहेब तं म्हनत होते..."

"त्यायले तसंच वाटे." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "त्या दिवशी भोंग्यातून मी सारं आयकलं ना. हे माह्यासाठी सोताचं तोंड जाळाले निंगाले. मंग मी काय करू? उबळ आली का तोंडात पदर कोंबून मांगच्या न्हानीत जात होती. नळ सोडून देत होती. आंजीले आल्यावर विहिरीवर जात होती. एवढे खुशीत राहे ते. लोकायले सांगत, माह्या बायकोचा दमा मी नेला. मले मोडवलं नाई."

"त्यायले शेवटपर्यंत समजलं नाई?"

"नाई. तेवढं मी होऊ देलं नाई."

बोलण्याने त्यांना उबळ आली. हात सवयीने पदराकडे गेला, पदर तोंडापर्यंत आला. त्यांनी घराच्या उघड्या दाराकडे एकदा पाहिले, पदर खाली सोडला आणि त्या मोठ्याने खोकत राहिल्या.